मोरीची लादी आधी, हॉलची चकाकी नंतर

पावसाळा सरला की वस्तीत घरांची कामे निघतात. कुणाला विजयादशमीच्या आधी घर नवे करायचे असते, कुणाला 14 एप्रिलच्या आधी. भिशी लागते, बचत गटाचे कर्ज मिळते आणि घरातले सगळे टाइल्सच्या दुकानात पोहोचतात. तिथे नजर जाते ती दोन बाय दोनच्या चकचकीत लादीवर. ती हॉलला लागते आणि उरलेली मोरीत बसते. आमचे म्हणणे, हा हिशेब उलटा करा. पैसे थोडे असतील तर आधी मोरी आणि संडास करून घ्या. हॉलचा कोबा अजून दोन वर्षे काढेल.

आपल्या घरात मोरी एकच असते. आंघोळ तिथेच, भांडी तिथेच, धुणे तिथेच, पाण्याचे पिंपही तिथेच. ती दिवसभर ओली आणि साबणाने बुळबुळीत असते. म्हाताऱ्या आईचा पाय घसरायला तेवढे पुरते. उतारवयात, विशेषतः बायकांची हाडे ठिसूळ झालेली असतात. साध्या पडण्याने खुब्याचे हाड मोडते. मग ऑपरेशन, कित्येक आठवडे अंथरूण, आणि तिच्याजवळ बसायला घरातल्या एकीचे काम सुटते. बाळंतीण, गरोदर बाई आणि धावती पोरे यांनाही धोका तोच.

म्हणून मोरीसाठी मॅट, खरबरीत, अँटिस्किड लादी मागा. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. नमुन्याची लादी जमिनीवर ठेवा, तिच्यावर साबणाचे पाणी ओता आणि चप्पल काढून पाय घासून बघा. दुकानदार हसेल, हसू द्या. आकार एक फुटाचा किंवा त्याहून लहान घ्या. लहान लादीत सांधे जास्त येतात, पायाला पकड मिळते आणि उतारही नीट काढता येतो. फार खोल नक्षी मात्र नको, तिच्यात मळ साठतो आणि घासणाऱ्या बाईचे हात दुखतात. भिंतीची लादी स्वस्त मिळाली म्हणून खाली बसवू नका. ती पाणी पिते आणि पिंपाच्या वजनाने तडकते. व्हिट्रिफाइड लादी अर्धा टक्काही पाणी शोषत नाही, पण चकचकीत असेल तर ओलीवर घसरतेच. शहाबादी किंवा कोटा फरशी पॉलिश न करता घेतली तर मोरीला चांगली, आणि ती मजबूतही असते.

लादी कितीही चांगली असली तरी उतार चुकला की सगळे वाया. एका फुटाला पाव इंच उतार जाळीकडे हवा. म्हणजे चार फुटांच्या मोरीत एक इंच. लादी बसवण्याआधी वॉटरप्रूफिंग करून घ्या. मग जाळीचे तोंड बंद करून मोरीत पाणी भरा आणि एक दिवस तसेच ठेवा. शेजारच्या भिंतीला किंवा खालच्या खोलीला ओल दिसली तर तेव्हाच दुरुस्त होते. नंतर ओल मुरते, भिंतीवर बुरशी धरते आणि दमा असलेल्या पोराला त्याच भिंतीला लागून झोपावे लागते. संडासाशेजारी कमरेच्या उंचीवर एक स्टीलचा दांडा पक्का बसवा. उजेडाचा बल्बही हवा.

मोजणी स्वतः करा. दहा बाय बाराची खोली म्हणजे 120 चौरस फूट, त्यात 10 टक्के तूटफूट धरली की 132. दोन बाय दोनच्या चार लाद्यांची पेटी 16 चौरस फुटांची, म्हणजे नऊ पेट्या. सगळ्या पेट्यांवरचा बॅच नंबर एकच आहे ना ते बघा, नाहीतर रंगात फरक दिसतो.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. लादी कापताना जो पांढरा धूर उठतो, तो साधा धुरळा नाही. त्यात सिलिकाची बारीक धूळ असते. ती फुप्फुसात बसली की निघत नाही, आणि वर्षानुवर्षे साठत गेली की सिलिकोसिस होतो. त्यावर बरे करणारे औषध नाही. आपल्या वस्तीतलीच कितीतरी पोरे लादीकाम करतात, त्यामुळे ही गोष्ट दोन्ही बाजूंची आहे. घरातल्यांनी पोरे आणि म्हातारी माणसे काम चालू असताना बाहेर काढावीत. मिस्त्रीला सांगा, दादा, कापणे बाहेर उघड्यावर करा. सरळ काप हाताने ओढायच्या कटरने घेतले तर धूळ फार कमी उडते. मशीन लागलेच तर पाण्याची सोय असलेले हवे. साध्या मशीनवर मग्याने पाणी ओतू नका, शॉक बसेल. तोंडाला रुमाल पुरत नाही, एन-95 मास्क लागतो. तो घरमालकाने आणून दिला तर बिघडले कुठे? कामानंतर केर कोरड्या झाडूने न काढता ओल्या फडक्याने पुसा.

शेवटी लादीवरचे सिमेंटचे डाग काढायला मिस्त्री ॲसिड मागतो. दार-खिडकी उघडी ठेवा, आणि त्यात ब्लीचिंग पावडर कधीही मिसळू नका. दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू निघतो. उरलेले ॲसिड थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवू नका. पोरे पाणी समजून तोंडाला लावतात.