छाप दुसऱ्याची, घाम आपला
ईदेला मुलांचे बूट घेताना आपण कातडे, शिवण पाहत नाही; छाप पाहून जादा पैसे मोजतो. ऐपत दाखवण्याची ही हौस महाग पडते. उलट आपल्याच कारखान्यातला उत्तम माल बिननावाने ठोकात जातो आणि नफा छापवाला नेतो. परवानगीवाचून दुसऱ्याची छाप लावणे हा तर गुन्हाच. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली स्वतःच्या नावाची नोंदणी १० वर्षे चालते. पुढे नूतनीकरण होते. २०१७ च्या नियमांत एका वर्गासाठी व्यक्तीला ऑनलाइन अर्जाचे शुल्क ४,५०० रुपये ठरले. लग्नातल्या रोषणाईवर आपण याहून जास्त उधळतो! मात्र नोंदणीने नाव आपले होते, पत सचोटीच्या मालानेच वाढते. कारागीर बंधूंनी विचार करावा, असे आम्हाला वाटते.