आपिस आणि पोळ्याचा बैल

प्राचीन इजिप्तमध्ये मेंफिस नगरीत आपिस नावाच्या बैलाची पूजा होत असे. अंग काळे, कपाळावर पांढरी खूण, असा एका वेळी एकच बैल निवडीत. कारागिरांचा देव प्ताह याचे ते सजीव रूप. पुढच्या काळात मेलेल्या आपिसला सक्कारा येथे भुयारात प्रचंड दगडी पेटीत ठेवीत. फ्रेंच संशोधक मारिएत याने १८५१ साली ती भुयारे उघडली.

आपल्या खेड-चाकणकडे भाद्रपदी अमावास्येला पोळा असतो. आदल्या दिवशी खांदेमळणी; जुवाने घासलेला खांदा तूप-हळदीने चोळतात. पोळ्याला जू नाही, आसूड नाही. पुरणपोळीचा घास आधी बैलाला. तिकडे बैलात देव पाहिला, इकडे बैलाचे कष्टच देव मानले. कामकऱ्याला हे प्रतीक अधिक जवळचे वाटावे.

मात्र आपिसचा मान मेल्यावरही टिके. आपला बैल थकला, की पुष्कळदा बाजाराची वाट धरतो. खंडेनवमीला यंत्रांना हार घालणाऱ्या कारखान्यांनीही हे ध्यानात घ्यावे. थकलेल्या खांद्याची उतारवयात काळजी वाहिली, तरच एका दिवसाच्या पूजेला अर्थ आहे.