फोनमध्ये ‘बीटा’ अपडेट टाकताय? जाणं एका टॅपचं, परत येताना फोन होतो कोरा

नवीन अँड्रॉइडची चाहूल लागली की यूट्यूब आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच गोष्ट फिरू लागते : ‘नवीन व्हर्जन सगळ्यांच्या आधी मिळवा.’ आधी मिळतं हे खरं आहे. पण मिळते ती तयार आवृत्ती नसते, चाचणीची असते. तिलाच ‘बीटा’ म्हणतात. ज्या फोनवर बँक, यूपीआय आणि शेतीच्या नोंदी चालतात, त्यात ती टाकण्याआधी काही गोष्टी माहीत हव्यात.

बीटा म्हणजे नेमकं काय?

बियाण्याचं नवं वाण दुकानात येण्याआधी चाचणी प्लॉटवर घेतात. बीटाचंही तसंच आहे, फक्त इथे प्लॉट म्हणजे तुमचा फोन. लोकांनी वापरावं, चुका सापडाव्यात, कंपनीने त्या दुरुस्त कराव्यात, यासाठी ती दिली जाते. अँड्रॉइड १६ ची पहिली बीटा जानेवारी २०२५ मध्ये आली आणि पक्की आवृत्ती १० जून २०२५ ला. मधले जवळपास पाच महिने दुरुस्तीचे होते. अँड्रॉइड १६ पर्यंत येणारा ‘डेव्हलपर प्रिव्ह्यू’ तर त्याहून कच्चा असायचा. तो ॲप बनवणाऱ्यांसाठी होता, रोजच्या वापरासाठी नाही.

गुगलची बीटा आधी पिक्सेल फोनला मिळते. सॅमसंगची बीटा वेगळी असते. ती ठरावीक मॉडेलसाठी ‘सॅमसंग मेंबर्स’ ॲपमधून नाव नोंदवून घेता येते. तुमचं मॉडेल कंपनीच्या यादीत नसेल, तर विषय तिथेच संपला.

काय बिघडू शकतं?

बॅटरी लवकर उतरणं, फोन तापणं, ॲप मधेच बंद पडणं हे नेहमीचे त्रास. खरी अडचण कामाच्या ॲपची. बँकेची ॲप फोनची सिस्टीम सुरक्षित आहे का, हे आधी तपासतात. चाचणीच्या आवृत्तीवर त्यातली काही उघडतच नाहीत. ई-पीक पाहणीत शेतातून लोकेशनसह पिकाचा फोटो काढावा लागतो आणि तिला मुदत असते. ऐन मुदतीत कॅमेरा किंवा लोकेशन अडलं, तर नोंद लटकते. पीएम किसानच्या ॲपवर चेहरा दाखवून ई-केवायसी करणाऱ्यांनाही हीच अडचण येऊ शकते.

परतीची वाट

बीटा आवडली नाही म्हणून मधेच जुन्या आवृत्तीवर यायचं, तर फोनमधलं सगळं पुसलं जातं. फोटो, चॅट, रेकॉर्डिंग, डाउनलोड केलेले सातबारा, काहीच उरत नाही. पिक्सेलवर बीटातून नाव काढलं की परत जाण्याचं एक अपडेट येतं. ते टाकलं की फोन कोरा. डेटा वाचवायचा असेल तर ते अपडेट टाकू नये, पक्की आवृत्ती येईपर्यंत थांबावं. ती आल्यावर, पुढची बीटा टाकण्याआधी बाहेर पडलं तर डेटा शाबूत राहतो. आयफोनवाल्यांनी एक लक्षात ठेवावं : बीटावर घेतलेला बॅकअप जुन्या आयओएसवर परत टाकता येत नाही. म्हणून बॅकअप बीटा टाकण्याआधीचाच हवा.

तरी करून बघायचंच असेल तर

– घरात दुसरा, चालू स्थितीतला फोन असेल तर त्यावरच करा. बँकेला जोडलेलं सिम त्यात नको.
– फोटो कॉम्प्युटरवर किंवा पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. गुगल खात्यावर फुकट जागा १५ जीबीच असते.
– व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ‘चॅट्स’मधून बॅकअप घ्या. नंबर गुगल खात्यात सेव्ह आहेत का, तेही बघा.
– पहिली बीटा सोडून द्या. शेवटच्या बीटांमध्ये मोठे दोष बरेच कमी झालेले असतात.
– चार्जिंग भरपूर असताना आणि वायफायवरच अपडेट टाका.
– चूक दिसली तर फीडबॅकमधून कळवा. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ अशी मराठी जोडाक्षरं नीट उमटतात का, मराठी कीबोर्ड अडतो का, हे मराठी वापरणाऱ्यानेच तपासायचं काम आहे.

लिंकवरून अपडेट येत नाही

अँड्रॉइडचं अपडेट व्हॉट्सॲपवर एपीके फाइल म्हणून कधीच येत नाही. ते फोनच्या सेटिंगमधल्या ‘सॉफ्टवेअर अपडेट’मध्येच दिसतं. ‘नवीन अँड्रॉइड मिळवा’ म्हणून कोणी फाइल पाठवली, तर ती उघडू नका, पुढेही पाठवू नका. अशा फाइलमधून मेसेज आणि ओटीपी चोरले जातात. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

बीटा नाही टाकली म्हणून काही अडत नाही. पण कंपनीकडून येणारं सुरक्षा अपडेट मात्र टाळू नका. ते चाचणीचं नसतं, आणि जुन्या फोनलाही त्याची तेवढीच गरज असते.