परदेशातून आणलेला फोन

श्रोतेहो, पुणे आणि आसपासच्या गावांतली कितीतरी मुले आज परदेशी आहेत. सुटीला येताना ती आईसाठी मोबाइल फोन आणतात. इथे आल्यावर तो मुका बसू नये, म्हणून विकत घेण्यापूर्वीच मुलाला तीन गोष्टी विचारा.

पहिली, कुलूप. अमेरिकेत हप्त्याने घेतलेला फोन बहुधा तिथल्या कंपनीच्याच सिमला बांधलेला असतो. हप्ते फिटून कुलूप निघेपर्यंत आपले सिम त्यात चालायचे नाही.

दुसरी, सिमची खाच. २०२२ साली निघालेल्या आयफोन १४ पासून अमेरिकेतल्या आयफोनला ती खाचच नाही. आईचा नंबर आधी ई-सिमवर घ्यावा लागेल. बँकेचे निरोप त्याच नंबरावर येतात, हे ध्यानात ठेवा.

तिसरी, लहरी. रेडिओला मध्यम लहरींचा पट्टा नसला, तर पुणे केंद्र लागत नसे ना? तसेच हे. आपल्याकडे ४-जी सेवा १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झवर चालते. माहितीपत्रकात त्यांना बँड ३ आणि बँड ४० म्हणतात. ते आहेत ना, पाहायला सांगा.

शिक्षक बंधुभगिनींनी हे तीन प्रश्न गावातल्या आईबापांना चिठ्ठीवर लिहून द्यावेत. फोनची किंमत त्यानंतर विचारावी.