जागा मिळाली, पुढे काय? महाविद्यालयांतील आधारकेंद्रांविषयी

अंबरनाथ पूर्वेहून लोकल पकडून मुंबईत शिकावयास जाणाऱ्या कित्येक मुलांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी असते. काहींना अपंगत्वही असते. प्रवेश मिळाला म्हणजे सारे झाले, असे पालकांना वाटते. आमच्या मते खरी कसोटी तेथून पुढे असते.

अशा विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठात स्वतंत्र केंद्र असावे, ही मागणी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस लावून धरली. महाराष्ट्राला मात्र ही कल्पना त्यापूर्वीच परिचित होती. शाहू महाराजांनी १९०१पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभारण्यास चालना दिली. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींची मुले एकाच छपराखाली आणली. आपली स्वतंत्र खोली असावी की सर्वांची एकच, हा वाद आजही मिटलेला नाही. आम्हांस दोन्हींची गरज वाटते.

आजचे जवळचे उदाहरण मुंबईतील सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे. येशूसंघीयांनी १८६९ साली स्थापन केलेल्या या महाविद्यालयात २००३ साली दृष्टिबाधितांसाठी 'झेवियर्स रिसोर्स सेंटर फॉर द व्हिज्युअली चॅलेंज्ड' सुरू झाले. संगणकाच्या पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी प्रणाली अशा केंद्रांचा कणा होय. परंतु छापील पुस्तक तिला थेट वाचता येत नाही. आधी पानांची प्रतिमा घ्यावयाची, तीतून अक्षरे वेगळी काढावयाची, मग जोडाक्षरे, कोष्टके, सूत्रे माणसाने तपासावयाची. हे काम लांबले, तर परीक्षा होऊन जाते आणि पुस्तक मागाहून हाती येते!

यात कायद्याचीही अडचण होती. प्रकाशकाच्या परवानगीवाचून असे रूपांतर करणे धोक्याचे होते. २०१२ साली स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती होऊन ती वाट मोकळी झाली. पुढे २०१३ साली माराकेश येथे आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१४ साली त्यास मान्यता देणारा पहिला देश भारत ठरला. या केंद्राचा 'अंतर्चक्षू' हा उपक्रमही उल्लेखनीय आहे. त्यात डोळस मंडळी डोळ्यांवर पट्टी बांधून रोजचे व्यवहार करून पाहतात.

जात आणि धर्म यांबाबतीत मात्र गुंता अधिक आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता राहिला. १९५६ साली शीख व १९९० साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती दलित अद्याप बाहेरच आहेत. अनुसूचित जमातींना धर्माची अट नाही. त्यामुळे ख्रिस्ती दलित विद्यार्थ्याची अडचण प्रवेश अर्जातील अनुसूचित जातीच्या रकान्यात उमटतच नाही. ती ओळखावयाची, तर त्याच्याशी कोणीतरी बोलावे लागते. असे बोलणारे माणूस महाविद्यालयात असणे, हे अशा केंद्राचे पहिले काम आहे.

पालकांनी प्रवेशाच्या वेळीच काही गोष्टी विचाराव्यात. २०१६च्या अपंग हक्क कायद्यानुसार शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव असतात आणि वयात ५ वर्षांची सवलत मिळते. लेखनिकाची आवश्यकता असल्यास तसा अर्ज परीक्षेच्या तोंडावर न करता आरंभीच करावा, आणि अपंगत्वाचे प्रमाणपत्र त्याआधी काढून ठेवावे.