आवाजाचे तंत्र : लेखांक 7 – जास्त ओहमच्या हेडफोनला अॅम्प्लिफायर कोणता?

हेडफोनच्या खोक्यावर 250 किंवा 300 ओहम असा आकडा छापलेला असेल, तर तो हेडफोन जास्त इम्पिडन्सचा समजावा. इम्पिडन्स म्हणजे बदलत्या विद्युतप्रवाहाला होणारा एकूण अडथळा. आकडा जितका मोठा, तितका त्याच व्होल्टेजवर हेडफोनमधून कमी प्रवाह वाहतो. मोबाइलसाठी बनवलेले हेडफोन सहसा 16 ते 32 ओहमचे असतात. स्टुडिओच्या हेडफोनांत मात्र 80 पासून 600 पर्यंतचे आकडे आढळतात. बायरडायनॅमिकचा डीटी 770 प्रो 80 आणि 250 ओहममध्येही मिळतो, त्याच कंपनीचा डीटी 990 प्रो 250 ओहमचा आहे, तर सेनहायझरचे एचडी 600 आणि एचडी 650 हे 300 ओहमचे. असा हेडफोन मोबाइलला लावला की आवाज येतो, पण दबका. मग वेगळा अॅम्प्लिफायर घ्यावा की घरातल्या जुन्या रिसीव्हरवर भागेल, हा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर तीन गोष्टी तपासल्या की मिळते : लागणारे व्होल्टेज, अॅम्प्लिफायरचा आउटपुट इम्पिडन्स आणि गेन.

बारामती-इंदापूर परिसरात या प्रश्नाला व्यावहारिक महत्त्व आहे. विद्या प्रतिष्ठानची वसुंधरा वाहिनी (90.4 मेगाहर्ट्झ) आणि शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्राची शारदा कृषी वाहिनी (90.8 मेगाहर्ट्झ) ही दोन सामुदायिक रेडिओ केंद्रे बारामती तालुक्यातली. मुलाखत चालू असताना मायक्रोफोन आणि कान एकाच खोलीत असतात आणि लाउडस्पीकर लावला तर त्याचा आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो, म्हणून अशा केंद्रांत हेडफोनवाचून काम होत नाही. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी या वाटेने पंढरपूरकडे जाते. या वाटेवर कीर्तन-भजनाचे ध्वनिमुद्रण करणाऱ्यालाही शेजारी लाउडस्पीकर चालू असताना मुद्रण कसे होते आहे, हे हेडफोनवरच पारखावे लागते.

कर्ण्याच्या लाइनमधले तत्त्व

जास्त इम्पिडन्सचे गणित या भागातल्या साउंड सिस्टिमवाल्यांच्या हाताखालचे आहे. मिरवणूक, सप्ताह किंवा सभेसाठी वापरल्या जाणाऱ्या अॅम्प्लिफायरच्या मागच्या बाजूला 4, 8 आणि 16 ओहमच्या जोडीला 70 व्होल्ट आणि 100 व्होल्ट असेही टर्मिनल असतात. रस्त्याच्या कडेने लांबवर कर्णे लावायचे असतील, तर प्रत्येक कर्ण्याला लाइन ट्रान्सफॉर्मर बसवून सगळे कर्णे 100 व्होल्टच्या लाइनवर समांतर जोडले जातात. 10 वॉटच्या टॅपवरचा कर्णा या लाइनला 1000 ओहमचा दिसतो आणि एक दशांश अॅम्पिअर एवढाच प्रवाह घेतो. हेच 10 वॉट 8 ओहमच्या स्पीकरला थेट द्यायचे, तर 1.1 अॅम्पिअरच्या आसपास प्रवाह लागतो आणि लांब वायरीत त्यातली बरीच शक्ती उष्णतेत वाया जाते. व्होल्टेज वाढवले की प्रवाह घटतो आणि एका अॅम्प्लिफायरवर अनेक कर्णे चालतात.

स्टुडिओत जास्त इम्पिडन्सचे हेडफोन रुळले, त्यामागे हाच हिशेब होता. 250 ओहमचे चार हेडफोन एकाच आउटपुटवर समांतर जोडले, तरी एकूण भार 62.5 ओहमचा राहतो आणि तो बहुतेक अॅम्प्लिफायर सहज पेलतो. 32 ओहमचे चार जोडले, तर भार 8 ओहमवर येतो. 600 ओहम या आकड्याला जुनी परंपरा आहे. टेलिफोन आणि रेडिओ प्रसारणाच्या लाइन 600 ओहम धरून आखल्या जात. 600 ओहमवर 1 मिलिवॅटसाठी 0.775 व्होल्ट लागतात आणि ध्वनियंत्रणेतल्या पातळीचे एक माप आजही याच आकड्यावर आधारलेले आहे.

इम्पिडन्स वाढवण्यासाठी हेडफोनच्या कॉइलमध्ये जास्त बारीक तारेचे जास्त वेढे घालतात. त्यामुळे कॉइलची घडण बदलते, पण 250 ओहमचा हेडफोन 32 ओहमच्या हेडफोनपेक्षा आपोआप चांगला ठरत नाही. चालवायला सोय कोणती आहे, ते पाहूनच ओहमचा आकडा निवडावा.

किती व्होल्ट लागतील?

हेडफोनच्या माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे ठरावीक शक्तीला किंवा व्होल्टेजला तो किती मोठा आवाज देतो याचा, आकडा दिलेला असतो. तो 1 मिलिवॅटसाठी आहे की 1 व्होल्टसाठी, हे आधी पाहावे, कारण दोन्हींत बराच फरक पडतो. 250 ओहमच्या हेडफोनला 1 मिलिवॅट मिळायला अर्धा व्होल्ट पुरतो. म्हणून 1 व्होल्टसाठीचा आकडा 1 मिलिवॅटच्या आकड्यापेक्षा 6 डेसिबलने मोठा येतो. 32 ओहमच्या हेडफोनमध्ये हाच फरक 15 डेसिबलचा असतो. हे न पाहता दोन हेडफोनांची तुलना केली, तर ती हमखास चुकते.

डीटी 990 प्रोची सेन्सिटिव्हिटी 1 मिलिवॅटला 96 डेसिबल दिलेली आहे. म्हणजे अर्ध्या व्होल्टला 96 आणि 1 व्होल्टला 102 डेसिबल. पुढे दर 6 डेसिबलला व्होल्टेज दुप्पट करावे लागते. क्षणिक शिखरासाठी 110 डेसिबलचे उद्दिष्ट धरले, तर सुमारे अडीच व्होल्ट लागतात. त्या वेळी हेडफोन 25 मिलिवॅट शक्ती आणि फक्त 10 मिलिअॅम्पिअर प्रवाह घेतो. तेवढ्याच सेन्सिटिव्हिटीच्या 32 ओहमच्या हेडफोनलाही 110 डेसिबलसाठी 25 मिलिवॅटच लागतात. मात्र ते 0.9 व्होल्ट आणि 28 मिलिअॅम्पिअर अशा वाटणीने मिळावे लागतात. शक्ती दोन्हीकडे सारखी, वाटणी वेगळी. जास्त ओहमच्या हेडफोनसाठी अॅम्प्लिफायर निवडणे म्हणजे पुरेसे व्होल्टेज देणारा अॅम्प्लिफायर निवडणे.

110 डेसिबल कानावर सतत घेण्यासाठी नसतात. ते पखवाजाच्या थापेसाठी आणि टाळांच्या आघातासाठी राखून ठेवायचे असतात. कीर्तनाच्या मुद्रणात निरूपणाचा आवाज सरासरीच्या आसपास राहतो, पण गजर उठला की टाळ-पखवाजाची क्षणिक शिखरे सरासरीपेक्षा 20 डेसिबलने वर जाऊ शकतात. सरासरी 80 डेसिबलवर ऐकायचे असेल, तर शिखर 100 डेसिबलपर्यंत पोचते. मुद्रणच हळू पातळीवर झालेले असेल, तर आणखी 10 डेसिबलची जागा हाताशी लागते. ही जागा नसलेला अॅम्प्लिफायर शिखर छाटतो आणि थापेचा टणकपणा जाऊन ती बोथट, फाटकी ऐकू येते. ध्वनिमुद्रण करणाऱ्याचा इथे घोटाळा होऊ शकतो : मुद्रण निर्दोष असताना हेडफोनच्या अॅम्प्लिफायरचा दोष मुद्रणाचा वाटतो आणि पातळी उगाच खाली आणली जाते.

मोबाइल, अडॅप्टर आणि जाहिरातीतले मिलिवॅट

मोबाइलचे साधे यूएसबी अडॅप्टर जास्तीत जास्त 1 व्होल्टच्या आसपास देते. वरच्या हिशेबाने ते 250 ओहमच्या हेडफोनला 102 डेसिबलच्या शिखरापर्यंत नेते. भरगच्च पातळीवर मुद्रित केलेल्या चित्रपटगीतांना तेवढे पुरते, पण शास्त्रीय गायन किंवा स्वतः केलेले मुद्रण ऐकताना कमी पडते.

अॅम्प्लिफायरच्या जाहिरातीत शक्तीचा आकडा बहुधा 32 ओहमवरचा असतो. त्यावरून व्होल्टेज काढणे सोपे आहे : वॉटला ओहमने गुणावे आणि वर्गमूळ घ्यावे. 32 ओहमवर 150 मिलिवॅट म्हणजे सुमारे 2.2 व्होल्ट. तेवढेच व्होल्टेज 250 ओहमवर धरले, तर 19 मिलिवॅट मिळतात आणि डीटी 990 प्रोचे शिखर 109 डेसिबलच्या जवळ जाते, म्हणजे काम भागते. 32 ओहमवर 1 वॉट म्हणजे साडेपाच व्होल्टपेक्षा थोडे जास्त. ते भरपूर झाले. माहितीपत्रकात 300 किंवा 600 ओहमवरचा आकडा स्वतंत्रपणे दिलेला असेल, तर तोच धरावा, कारण कमी ओहमवर काही अॅम्प्लिफायर प्रवाहाच्या मर्यादेत अडकतात आणि जास्त ओहमवर त्याहून अधिक व्होल्टेज देतात. बॅलन्स्ड आउटपुट असलेले यंत्र साध्या आउटपुटच्या दुप्पट व्होल्टेज देऊ शकते, मात्र त्यासाठी हेडफोनची वायर तशी असावी लागते.

आउटपुट इम्पिडन्स

अॅम्प्लिफायरच्या स्वतःच्या आतही इम्पिडन्स असतो. तो आणि हेडफोन यांच्यात व्होल्टेजची वाटणी होते. हेडफोनचा इम्पिडन्स सगळ्या स्वरांना सारखा नसतो. एचडी 600 सारख्या हेडफोनमध्ये खर्जाच्या भागात तो 300 वरून 500 ओहमच्या पुढे चढतो. अॅम्प्लिफायरचा आउटपुट इम्पिडन्स 120 ओहम असेल, तर 300 ओहमच्या ठिकाणी हेडफोनला 71 टक्के आणि 500 ओहमच्या ठिकाणी 81 टक्के व्होल्टेज मिळते. परिणामी खर्ज सुमारे 1 डेसिबलने उचलला जातो. हा बदल जेमतेम जाणवण्याइतका आहे. तेच 120 ओहम 32 ओहमच्या हेडफोनमागे असतील आणि त्याचा इम्पिडन्स खर्जात 64 पर्यंत जात असेल, तर 4 डेसिबलहून अधिक फरक पडतो आणि आवाजाचा तोलच बदलतो.

आउटपुट इम्पिडन्स हेडफोनच्या इम्पिडन्सच्या आठव्या भागापेक्षा कमी असावा, असा एक सर्वमान्य आडाखा आहे. 250 ओहमसाठी ही मर्यादा 31 ओहमवर आणि 300 ओहमसाठी 37 ओहमवर येते. ती थोडी ओलांडली गेली, तरी जास्त ओहमच्या हेडफोनचे फारसे बिघडत नाही. म्हणूनच व्हॅक्यूम ट्यूबचे, आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेले अॅम्प्लिफायर 300 आणि 600 ओहमच्या हेडफोनांशी चांगले जुळतात आणि कमी ओहमच्या हेडफोनांशी बिनसतात.

जुना रिसीव्हर चालेल का?

बहुतेक वेळा चालतो, आणि चांगला चालतो. जुन्या स्टिरिओ रिसीव्हरमध्ये किंवा इंटिग्रेटेड अॅम्प्लिफायरमध्ये हेडफोनचे भोक स्पीकरच्याच आउटपुटवरून, मध्ये एक रेझिस्टर टाकून काढलेले असते. हा रेझिस्टर सहसा 100 ते 470 ओहमचा असतो. 8 ओहमवर 50 वॉट देणाऱ्या रिसीव्हरच्या आउटपुटवर 20 व्होल्ट उपलब्ध असतात. मध्ये 330 ओहमचा रेझिस्टर आणि पुढे 250 ओहमचा हेडफोन असला, तर हेडफोनच्या वाट्याला साडेआठ व्होल्ट येतात, म्हणजे गरजेच्या तिपटीहून जास्त. आउटपुट इम्पिडन्स आडाख्यापेक्षा मोठा असल्याने खर्ज थोडा फुगतो, हीच काय ती किंमत. घरात चालू स्थितीतला असा संच असेल, तर नवा अॅम्प्लिफायर घेण्याआधी हेडफोन त्यावर लावून पाहावा. व्हॉल्यूम पूर्ण खाली आणूनच जॅक घालावा. जुन्या संचाचा व्हॉल्यूम फिरवताना खरखर येत असेल, तर कंट्रोल स्वच्छ करून घ्यावा.

नव्या एव्ही रिसीव्हरांपैकी काहींमध्ये हेडफोनसाठी वेगळी छोटी चिप असते. तिथे स्पीकरच्या वॉटवरून हेडफोनच्या व्होल्टेजचा अंदाज बांधता येत नाही. माहितीपत्रकातला हेडफोनचा स्वतंत्र आकडाच पाहावा लागतो. मुद्रणासाठी लागणाऱ्या यूएसबी ऑडिओ इंटरफेसचेही तसेच. त्यांतल्या अनेकांना वीज लॅपटॉपकडूनच मिळते आणि हेडफोनचे व्होल्टेज बेताचे असते.

गेन, घरघर आणि अर्थिंग

गेन म्हणजे आत येणारे व्होल्टेज किती पटींनी वाढते ते. डिजिटल प्लेअर किंवा डॅकच्या (डिजिटल संकेताचे अॅनालॉगमध्ये रूपांतर करणाऱ्या यंत्राच्या) लाइन आउटपुटवर साधारण 2 व्होल्ट असतात. त्यातून 5 व्होल्ट मिळवायला अडीच पट, म्हणजे 8 डेसिबल गेन पुरतो. गेन 20 डेसिबल असेल, तर व्हॉल्यूमची मूठ जराशी हलली तरी आवाज अंगावर येतो, सुरुवातीच्या भागात डावा-उजवा आवाज सारखा राहत नाही आणि पार्श्वभूमीला सुसकारा ऐकू येतो. गेन कमी-जास्त करण्याचे बटण असलेला अॅम्प्लिफायर घेणे शहाणपणाचे, कारण त्यावर कमी आणि जास्त ओहमचे दोन्ही हेडफोन चालतात.

हेडफोनमध्ये 50 हर्ट्झची घरघर येत असेल, तर दोष अॅम्प्लिफायरचा आहे असे लगेच धरू नये. लॅपटॉप आणि अॅम्प्लिफायर वेगवेगळ्या सॉकेटवर असले आणि दोन्हींच्या अर्थिंगमध्ये फरक असला, की ऑडिओ वायरीतून नको असलेला प्रवाह फिरतो. लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावे. घरघर गेली, तर सगळी यंत्रे एकाच, अर्थिंग असलेल्या बोर्डावर आणावीत. अर्थिंगची पिन तोडणे हा उपाय नव्हे. त्यात जिवाला धोका आहे. शेतीपंप सुरू झाले की वीजलाइनच्या टोकाकडच्या वस्त्यांत विजेचा दाब उतरतो. साधा ट्रान्सफॉर्मर असलेल्या अॅम्प्लिफायरचे आतले व्होल्टेजही त्याबरोबर उतरते आणि शिखरांसाठी राखलेली जागा आक्रसते. अशा ठिकाणी गरजेच्या दीडपट-दुप्पट व्होल्टेज देणारा अॅम्प्लिफायर घ्यावा किंवा बॅटरीवर चालणारा निवडावा.

निवडीचा क्रम

आधी हेडफोनचे ओहम आणि सेन्सिटिव्हिटी पाहून 110 डेसिबलसाठी लागणारे व्होल्टेज काढावे. मग हाताशी असलेले अडॅप्टर, इंटरफेस किंवा रिसीव्हर तेवढे देतो का, ते तपासावे. देत असेल, तर खर्च करण्याचे कारण नाही. देत नसेल, तर तेवढे व्होल्टेज, हेडफोनच्या आठव्या भागापेक्षा कमी आउटपुट इम्पिडन्स आणि बदलता येणारा गेन हे तिन्ही असलेला अॅम्प्लिफायर शोधावा. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा इतरत्र खरेदीला जाताना आपला हेडफोन आणि पातळी हळू असलेले आपले एखादे मुद्रण सोबत न्यावे. दुकानातल्या गोंगाटात आवाज मोठा ठेवून ऐकण्याचा मोह टाळावा.

हाती पुरेसे व्होल्टेज आले, की कानांची काळजी घेणे ही वापरणाऱ्याची जबाबदारी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी सुरक्षित मर्यादा आठवड्याला 80 डेसिबलवर 40 तास आहे, मुलांसाठी ती 75 डेसिबलवर येते. अॅम्प्लिफायरमधले जादा व्होल्टेज शिखरांसाठी आहे. सरासरी आवाज या मर्यादेतच ठेवावा.