मळलेल्या हातांची शाळा

शिकणे कुठे घडते, याचा पत्ता आपल्या मराठीने फार पूर्वीच सांगून ठेवला आहे. एखादे काम जमू लागले, की आपण म्हणतो ‘हात बसला’. उत्तम जमले, तर ‘हातखंडा’. त्यातली खुबी साधली, तर ‘हातोटी’. आणि बेरीज करताना एककाच्या घरात न मावणारा जो आकडा दशकाच्या घरात न्यायचा असतो, त्याचे नावच मुळी ‘हातचा’. त्याला कोणी ‘डोक्यातला’ म्हणत नाही. असे असूनही शाळा म्हटली, की आपल्याला पहिल्यांदा आठवते ती हाताची घडी आणि तोंडावरचे बोट. सहा-सात वर्षांचे मूल ज्या अवयवाने जग समजून घेते, तोच अवयव आधी बांधून टाकायचा आणि मग पालकसभेत तक्रार करायची की मुलाचे लक्ष नाही, असा हा आपला जुना व्यवहार आहे.

तो मोडून काढणारी माणसे आपल्याकडे नव्हती, असे मात्र नाही. रोममधल्या एका गरीब वस्तीत मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये बालगृह सुरू केले आणि लहान मुलांच्या हाती खडूऐवजी ठोकळे, मणी, दट्टे दिले. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेकांनी तो विचार आपल्या मातीत लावला. त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र उभे केले. तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. परदेशी पद्धतीची महागडी साधने खेड्यात परवडणार नव्हती. मग या बायकांनी बिया, शंख-शिंपले, दगड, पाने, चिकणमाती यांचीच साधने केली. मुले बालवाडीत येत नाहीत ना, मग बालवाडीच त्यांच्या अंगणात नेऊ, हा विचार त्यांचाच. ‘अंगणवाडी’ ती हीच. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली वारली मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळा कुरणात भरू लागली. १९७५ मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशाच्या कानाकोपऱ्यात पोचला. तो शब्द सगळ्यांनी उचलला. त्यातल्या बिया आणि शिंपले मात्र बऱ्याच ठिकाणी वाटेतच सांडले.

आता २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने पूर्वप्राथमिकची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी मिळून एकच पायाभूत टप्पा मानला आहे आणि तो खेळातून, कृतीतून शिकवावा असे म्हटले आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यासाठी खेळणी, कोडी, बाहुल्या भरलेला ‘जादुई पिटारा’ही निघाला. चांगलेच आहे. पण पिटारा दिल्लीहून आला म्हणून तो वर्गात उघडतोच असे नाही. तो उघडणारी बाई लागते.

तशी एक बाई मी गेल्या दिवाळीच्या आधी पाहिली. बालाघाटच्या डोंगराळ भागातले ते गाव. त्या बाजूला मी बँकेत नवा अधिकारी असताना काही वर्षे होतो. जुन्या ओळखीने एका घरी गेलो होतो. त्यांची नात म्हणाली, “आजोबा, आमच्या शाळेत किल्ला केलाय, चला बघायला.” जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा. पहिली-दुसरीचा वर्ग एकत्र. सहामाही परीक्षा उरकली होती आणि सुटी लागायला तीन दिवस होते. हे दिवस म्हणजे शाळेतले भाकड दिवस असे पुष्कळांना वाटते. या बाईंनी त्यांचेच सोने केले होते.

व्हरांड्याच्या कोपऱ्यात विटा, दगड, गोणपाट आणि चिखल यांचा एक डोंगर उभा होता. एका बाजूला कललेला. त्यावर तट, बुरूज, दरवाजा. उतारावर हळीव पेरलेले, आणि त्याची बोटभर हिरवळ वर आलेली. हळीव सोमवारी पेरले होते. रोज सकाळी एका मुलाने काडी लावून कोंब मोजायचे आणि फळ्याच्या कडेला तेवढी रेघ ओढायची, असा क्रम होता. चार दिवसांच्या चार रेघा, एकीपेक्षा दुसरी मोठी. दुसरीतल्या मुलांनी आलेख काढला होता आणि त्यांना ते ठाऊकही नव्हते.

किल्ल्यावर बाईंनी एकच अट घातली होती. कुठलीही गोष्ट ठेवायची, तर ती तिथे का, हे सांगता आले पाहिजे. एका मुलाला दरवाजा थेट समोर हवा होता. दुसरा म्हणाला, समोर केला तर शत्रू पळत येऊन धडकेल. मग वाट वळवून बुरुजाआड नेली. रायगडाचा महादरवाजा असाच बुरुजांच्या आड लपलेला आहे, हे या मुलांनी पाहिले नव्हते. पण ज्या कारणाने तो लपवला, त्या कारणापर्यंत ती चिखलातून पोचली होती. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून जाहीर केले. त्यातले अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. ती नावे पाठ करून घेता येतात. बाईंनी तीही भिंतीवर लावली होती. पण आधी किल्ला, मग नावे.

या सगळ्यात गप्प बसून काम करणारा एक मुलगा होता. वर्गात तो फारसा बोलत नाही, वाचनात मागे आहे, असे बाईंनी मला हळूच सांगितले. महाराज सिंहासनावर बसले, मावळे पहाऱ्यावर उभे राहिले, तोफा लागल्या. सगळे झाले असे वाटले. तेव्हा हा पुढे झाला आणि गडाच्या माथ्यावर बोटाने खड्डा उकरू लागला. बाकीची ओरडली. बाईंनी विचारले, “काय करतोस रे?” तो म्हणाला, “पानी नाय बाई. पानी नसंल तर समदे मरतेन की.” आणि त्याने खड्ड्यात प्लॅस्टिकचा तुकडा अंथरून टाके केले. चिखलात पाणी मुरते, हे त्याला कुणी सांगावे लागले नाही. गड तटबंदीने जितका लढतो, तितकाच पाण्याने लढतो, हे इतिहासाच्या मोठ्या पुस्तकांत असते. दुष्काळी गावच्या सात वर्षांच्या पोराला ते घरातूनच माहीत होते. परीक्षेच्या कागदावर ते विचारण्याची सोय नव्हती, इतकेच.

दुसऱ्या दिवशी बाल आनंद मेळावा होता. म्हणजे मुलांनीच भरवलेला बाजार. लिंबे, कोथिंबीर, शेंगदाण्याचे लाडू, भेळ. आयुष्य पैसे मोजण्यात आणि मोजून घेण्यात गेलेला माणूस अशा ठिकाणी जरा जास्तच रेंगाळतो. एका मुलीने ‘कोथिंबीर २० ला ३’ अशी पाटी लावली होती. मी म्हटले, “मला एकच जुडी हवी.” ती विचारात पडली. बाई शेजारीच होत्या, पण त्यांनी तोंड उघडले नाही. शिक्षकाला सर्वांत अवघड जाणारी गोष्ट हीच. थोड्या वेळाने ती म्हणाली, “सात रुपये द्या.” मी विचारले, “सातच का? सहा घे की.” तिने बोटांवर काहीतरी मोजले आणि म्हणाली, “सहानं दिली तर तीन जुड्यांचे अठराच होतेत. दोन रुपये माझ्या आईनं भरायचे का?” मी मुकाट्याने सात रुपये काढले.

हल्ली या बाजाराला एक नवेच महत्त्व आले आहे. आता दुकानात आई-बाप मोबाईल पुढे करतात, ‘टिंग’ असा आवाज होतो आणि बिस्किटाचा पुडा हातात येतो. पैसा मुलाच्या डोळ्यांसमोरून नाहीसाच झाला आहे. शंभराच्या नोटेतून अठ्ठेचाळीस गेले की किती उरतात, हा प्रश्न त्याच्यापुढे येतच नाही. म्हणून पाच, दहा, वीसची नाणी त्याच्या तळहातावर मुद्दाम ठेवावी लागणार आहेत. बँकेत नवीन रोखपालाला आम्ही नोटा मोजायला बसवत असू. शंभर नोटांचे एक पाकीट, दहा पाकिटांचे एक बंडल. आठ दिवसांत त्याच्या बोटांना शंभराची जाडी कळू लागे. तेच या वर्गात चालले होते. फक्त नोटांच्या जागी काड्या होत्या.

मराठी मुलाला आकडे शिकताना एक जास्तीची अडचण असते. आपण ‘एकवीस’ म्हणताना एक आधी म्हणतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो. ‘एकोणतीस’मध्ये तर तीस ऐकू येते आणि लिहायचे असतात दोन आणि नऊ. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे वाचन आले, तेव्हा केवढा गदारोळ झाला! विधिमंडळापर्यंत चर्चा गेली. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर अडचण मुलाच्या बाजूने पाहत होत्या आणि आपण भाषेच्या अभिमानाच्या बाजूने. दोन्ही बाजूंना काही म्हणायचे होते. या बाईंचा तोडगा काड्यांचा होता. दहा काड्यांना रबर लावायचे. एकोणतीस म्हणजे तीन गठ्ठे घ्यायचे, एकाचे रबर सोडायचे आणि त्यातली एक काडी बाजूला ठेवायची. शब्दात लपलेली वजाबाकी हातात येते.

गठ्ठ्याला त्या ‘मोळी’ म्हणत. मी कारण विचारले, तर हसून म्हणाल्या, “साहेब, आमची निम्मी पोरं ऊसतोड कामगारांची. जुडी म्हटलं तर बघत राहतात. मोळी म्हटलं की डोळे चमकतात.” तेवढ्यात तो टाके करणारा मुलगा म्हणाला, “मोळीत धाच नसतेत बाई, लई असतेत.” बाई म्हणाल्या, “कारखान्याची मोळी मोठी. आपल्या शाळेची दहाची.” त्याला ते पटले.

सुटीनंतर हा मुलगा शाळेत येणार नव्हता. गळिताचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे बैलगाडीत, ट्रॅक्टरवर संसार बांधून पाच-सहा महिन्यांसाठी कारखान्याकडे जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे ‘कोयता’ म्हणतात. माणसाच्या नावाऐवजी हत्याराचे नाव. गावात हंगामी वसतिगृहाची सोय झाली, तर काही मुले आजीजवळ राहतात. धाकटी भावंडे सांभाळायला हवी असतील, तर तीही जातात. साखरशाळा निघाल्या, पण सगळ्या तळांवर त्या पोचल्या नाहीत. बाईंचे म्हणणे साधे होते. “पुस्तक त्याच्याबरोबर देते मी. पण पालात ते उघडेल असं नाही. हातात बसलेलं तेवढं मात्र त्याच्याबरोबर जातं.” उचलीचे हिशेब मी बँकेत असताना पुष्कळ ऐकले आहेत. वही मुकादमाची आणि अंगठा कामगाराचा. दहाची मोळी बांधता-सोडता येणारा मुलगा उद्या ती वही स्वतः वाचू शकेल. त्यामुळे ‘शाळेत नुसता खेळ चाललाय’ असे कोणी म्हणू लागले, की मला या खेळाची किंमत सांगावीशी वाटते.

शहरातली तऱ्हा वेगळी आहे. तिथे मुलांच्या नावावर आई-बापच प्रकल्प करतात. आकाशकंदील तयार संचातून येतो, किल्ला प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा विकत मिळतो. शाळेतला सण छायाचित्रापुरता उरतो. मुलांना नऊवारी, फेटे नेसवून ओळीत उभे करायचे, मोबाईलवर चित्रे पालकांच्या गटात टाकायची आणि अर्ध्या तासात फेटे काढून ठेवायचे. भोंडल्याची खिरापत ओळखणे हा खेळ आठवून पाहा. डबा हलवायचा, कान लावायचा. गोड की तिखट? कोरडी की ओली? चमचा लागतो का? एकेका प्रश्नाने शक्यता कमी करत उत्तराकडे जायचे. विज्ञानाची रीत याहून वेगळी काय असते? पण त्यासाठी डबा बंद हवा आणि बाईंना घाई नको.

सण सर्वांचा होईल, हेही पाहावे लागते. त्या वर्गात ईदला एका मुलीच्या घरून शिरखुर्मा येतो आणि तिने पाटीवर त्याच्या शेवया-दुधाचे प्रमाण लिहून दाखवलेले असते. किल्ल्यासाठी कुणीही विकतची वस्तू आणायची नाही, असा नियम आहे. ज्याच्याकडे काही नाही, तो माती आणतो आणि माती सर्वांत जास्त लागते.

येत्या दिवाळीत घराच्या फरशीवर चिखल सांडू द्यावा. कंदिलाच्या कामट्या तिरप्या बांधल्या गेल्या, तर लगेच सरळ करायला धावू नये. खळ शिजवताना पोराला शेजारी बसवावे, कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे त्याला सुटी नाणी देऊन पाठवावे आणि उरलेल्या पैशांचा हिशेब मागावा. चुकला, तर परत मोजायला सांगावे, आपण मोजू नये. आणि शाळेत बाईंनी दोन दिवस वह्या बंद ठेवल्या, तर तक्रारीचा अर्ज लिहिण्याआधी मुलाचे हात बघावेत. नखांत माती असेल, तर त्या दिवशी शाळा भरली होती, असे खुशाल समजावे.